हूक, टोकन आणि एक पेला वाईन

(वस्तीतल्या वाचनालयाच्या मेळाव्यात केलेलं भाषण. मोबाईलवरून उतरवून काढलं. बोललो तसंच ठेवलंय, दोन-तीन शिव्या तेवढ्या गाळल्या.)

मित्रहो, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या आयाबायांनो,

मला विषय दिलाय ‘गोदी कामगार आणि आजची कविता’. त्यावर मी बोलणार नाही. गोदीत कामगार किती उरलेत ते आधी मोजा, मग कवितेचं बघू. माझा आजा डॉक लेबर बोर्डाचा कामगार. १९४८च्या कायद्यानं त्याला नाव, नंबर, हजेरीचा पगार मिळाला होता. १९९४ला बोर्ड पोर्ट ट्रस्टात विलीन झालं. बाप आयुष्यभर बदली राहिला. मी कंत्राटी. तीन पिढ्यांत आम्ही एवढी प्रगती केली. झालं, विषय संपला.

आज मी एका बागेबद्दल बोलणार आहे. कारण पंधरा दिवस झाले, वस्तीत कुजबुज चाललीय. ह्याची आई देशीचं दुकान बंद करायला दारोदार सह्या मागत फिरते आणि हा फोर्टात जाऊन वाईन पितो. फोटो फिरतोय. तर फोटो खरा आहे. हातातला पेलाही खरा आहे, आणि आत पाणी नव्हतं. लपवण्यात अर्थ नाही, सगळ्यांसमोर सांगून टाकतो. आई इथंच बसलीय. तिला घरी सांगून झालंय.

बागेचं नाव घेत नाही. ग्रीन गेटातून बाहेर पडून चालत जाता येतं, एवढं पुरे. दुपारी तिथं सगळं फोर्ट पाय पसरतं. शिपाई, कुरिअरवाले, बँकेतले बाबूलोक, नोकरी शोधून दमलेली पोरं, डबा खाणाऱ्या बाया. संध्याकाळी फुगेवाला, चणेवाला, म्हातारी माणसं, जोडपी. पाय ठेवायला जागा नसते. पहिल्या पाळीनंतर आमची टोळीही कधीमधी तिथं झाडाखाली आडवी होते, आणि वॉचमन काठी आपटत येतो, कारण झोपायला मनाई आहे. दारातच पाटी आहे. झोपू नये, थुंकू नये, मद्यपान करू नये. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाच्या खिशात क्वार्टर सापडली. पिली नव्हती, सीलबंद होती. तरी त्याची जी वरात निघाली ती मी डोळ्यांनी पाहिलीय. रात्र चौकीत काढली त्यानं, आणि एक पाळी बुडाली ती वेगळीच.

त्याच बागेत तीन संध्याकाळी वाईनचा मेळा भरला. अर्धी हिरवळ हिरव्या कापडानं आडवी बांधलेली. आत गोल टेबलं, लाकडी खुर्च्या, झाडांवरून सोडलेले पिवळे दिवे, कोपऱ्यात गिटारवाला. कापडाच्या अलीकडे नेहमीची बाग चालूच, पोरं घसरगुंडीवर ओरडत होती. त्यातली दोन-चार कापड वर करून आत बघायची, वॉचमन आला की पळायची. आणि दारातली ती पाटी? तिच्यावर बॅनर टांगला होता. द्राक्षाच्या घडाचं चित्र.

मला बोलावलं होतं कविता वाचायला. एका संस्थेच्या बाईंनी फोन केला, ‘श्रमाची कविता’ असा कार्यक्रम आहे म्हणाल्या. मी मानधनाचं विचारलं नाही. आपल्याला लाज वाटते विचारायला, हा आपला रोग आहे. पाळी संपवून तसाच गेलो. बरोबर टोळीतले तात्या. साठीला टेकलेत, कविता त्यांना कळत नाही, पण मी वाचतो तिथं येतात. माझ्या बापाचे दोस्त होते ना.

दारावर मशीन. माझी पिशवी आत गेली आणि किंचाळलं. आत हूक होता. गोण्या ओढायचा आमचा लोखंडी हूक, आज्याचा, मूठ बाभळीची. सिक्युरिटीवाला दोन पावलं मागं सरला. मी म्हणालो, अहो हत्यार नाही, अवजार आहे. तो बिचारा उत्तर प्रदेशचा, बारा तास उभा, त्याला काय कळायचं. हूक जमा करून घेतला आणि प्लास्टिकचं टोकन दिलं. माझं नाव यादीत होतं. तात्यांचं नव्हतं. मी म्हणालो, हे माझ्याबरोबर आहेत. यादीत नाव नाही, म्हणाला. फोन लावला बाईंना, उचलला नाही. तात्या म्हणाले, “जा रे तू, मी हितं कट्ट्यावर बसतो. लई वेळ लावू नको, गाडीला गर्दी व्हती.”

आणि मी गेलो. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा ह्यावर येणार आहे.

आत टेबलावर एक मुलगा एक दिवसाचे परवाने फाडत बसलेला. पाच रुपयाला एक. इथं हसू येतं मला. आपल्या राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. नावातलं मुंबई जाऊन महाराष्ट्र आलं एवढंच. त्या कायद्यानं पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि तो मिळतो प्रकृती राखण्यासाठी! म्हणजे त्या बागेतली ती सगळी माणसं कागदावर औषध घ्यायला आली होती. ‘परमिट रूम’ हा शब्द आपण रोज पाटीवर वाचतो, तो तिथून आला. वाईन-बियरला वय २१, कडक दारूला २५. मी सव्वीसचा, दोन्हीकडून पास.

कविता वाचली. स्लिंग तुटतो आणि खाली हॅचमध्ये माणूस असतो, ती. तुम्ही ऐकलीय. संपली तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. मला वाटलं पडली. मग बघतो तर सगळ्यांच्या एका हातात पेला, टाळी वाजवणार कशी? कुणी मांडीवर थापट्या मारत होतं, कुणी बोटांनी मनगटावर. एक म्हातारे पारशी गृहस्थ होते, त्यांनी पेला खाली गवतात ठेवला आणि दोन्ही हातांनी वाजवल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग बाईंनी मानधन म्हणून दोन कुपनं दिली. एका कुपनाला एक पेला. दर पाटीवर लिहिला होता, साडेतीनशे. म्हणजे सातशे रुपयांचं मानधन मला मिळालं, फक्त ते तिथंच पिऊन संपवायचं होतं.

आता बापाबद्दल. नव्या पोरांना माहीत नाही म्हणून सांगतो. माझा बाप ह्याच नाक्यावरच्या देशीच्या दुकानात संपला. मी अकरा वर्षांचा होतो. देशी म्हणजे उसाच्या मळीचा स्पिरीट, त्यात संत्र्याचा नाहीतर मोसंबीचा वास मिसळलेला. मोसंबीची फोड मी पुढं कित्येक वर्षं तोंडात घेऊ शकलो नाही. २०१५च्या जूनमध्ये मालवणीत हातभट्टीनं शंभरावर माणसं मेली, तेव्हा मी शाळेत होतो. मिथेनॉल होतं त्यात. ते पोटात गेलं की शरीरच त्याचं ॲसिड बनवतं, आधी डोळे जातात, मग माणूस. त्या दिवसापासून आईनं डोक्यात घेतलं. आणि १९५६ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारूची प्रतिज्ञा आहे, ती आमच्या घरात भिंतीवर आहे. त्यात वाईनला सूट लिहिलेली नाही. मी बघून आलोय.

तरी कुपन घेऊन काउंटरवर गेलो. का गेलो? ह्याचं उत्तर पंधरा दिवस शोधतोय. नशेसाठी नाही. ज्या बागेत मला काठीनं उठवतात तिथं मला कुणीतरी खुर्ची मागं ओढून बसा म्हणालं होतं. ती खुर्ची सोडवेना. पेला हातात असला की खुर्चीवर बसायचा हक्क असतो, रिकाम्या हातानं बसलं की माणसं बघतात, हे मला पाच मिनिटांत कळलं.

तिथली एक ताई शिकवत होती. पेला देठाला धरा, पोटाला धरला तर हाताच्या गरमीनं वाईन तापते. आता आमचा हात. देठ एवढासा, घट्ट्यांना तो लागतच नव्हता, मोडेल की काय वाटायचं. मी चहाच्या ग्लासासारखा धरला. मग म्हणाली, वास घ्या, काय आठवतं? एकजण म्हणाला पेरू. एकजण म्हणाली ओलं गवत. मला आठवलं ते जहाजाच्या पोटातलं भिजलेलं धान्य. आंबायला लागलं की असाच गोडसर वास येतो, आणि तसल्या बंद हॅचमध्ये तसंच उतरू नये, आत हवा नसते, माणूस शिडीवरच बसतो. हे मी तिला सांगितलं नाही. पेरू म्हणालो.

चव? आंबट. जिभेला जरा चिमटा, मग साफ. वाईट नव्हती.

पेला भरणारा पोरगा माझ्यापेक्षा लहान. मी विचारलं, कुठला रे? सुरगाण्याचा. कोकणा आदिवासी. म्हणाला, “दादा, ही आमच्याच तिकडची. दिंडोरीच्या बागांतली. माझी आई तिथंच मजुरीला जाते.” नाशिक म्हटलं की आपल्याला २ मार्च १९३० आठवतो, काळाराम मंदिराचा दरवाजा आठवतो. त्या बॅनरवर नाशिकपुढं ‘वाईन कॅपिटल’ लिहिलं होतं. ह्या पोराला तिसरंच नाशिक आठवत होतं. त्यानं सांगितलेलं सांगतो, मला नवीन होतं. पेठ-सुरगाण्याची माणसं पावसाळ्याची शेती उरकली की टोळ्यांनी द्राक्षपट्ट्यात उतरतात, आपल्यासारख्याच टोळ्या, आपल्यासारखाच मुकादम. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आगेमागे गोडी छाटणी. गोडी छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. हायड्रोजन सायनामाईड म्हणतात त्याला. काडी-काडीला हातानं लावतात. हातमोजे मिळाले तर मिळाले. कातडी सोलते. आणि ऐका, त्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही, दारूचा थेंब चालत नाही. त्याच्या बापानं संध्याकाळी अर्धा पेला घेतला. तोंड तांबडं लाल, छाती धडधडायला लागली, श्वास लागेना. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरनं सांगितलं, त्या औषधानं अंगातली दारू पचवायची वाटच बंद होते, ती विष होऊन साठते.

म्हणजे बघा, ज्याच्या हातानं वेल जागी होते त्याला त्या दिवसांत पिता येत नाही, आणि मी इथं पेरू-पेरू करत बसलोय. मी त्याला विचारलं, तू चाखलीयस का ही? तो म्हणाला, “ड्यूटीवर नाय चालत.” आणि ड्यूटी संपल्यावर? हसला नुसता.

आता मोठी माणसं म्हणतात वाईन म्हणजे दारू नव्हे. २७ जानेवारी २०२२ला मंत्रिमंडळानं ठरवलं होतं, मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटात, कपाटात वाईन ठेवू द्यायची. शेतकऱ्याच्या भल्यासाठी, म्हणाले. ओरड झाली, हरकती आल्या, ते कागदावरच राहिलं. २००१पासून राज्याचं वाईनचं वेगळं धोरण आहे, इथल्या द्राक्षाच्या वाईनला करात सवलत आहे. मी काही वाईनच्या विरोधात भाषण ठोकायला उभा नाही, पिऊन आलेल्या माणसानं ते ठोकूही नये. पण शेतकरी म्हणजे कोण, एवढं विचारतो. बागायतदार शेतकरी, मान्य, गारपिटीत तोही बुडतो, तेही मान्य. पेस्ट लावणारी बाई त्या शब्दात बसते का? त्या संध्याकाळी माईकवर चारजण बोलले. मातीचे आभार मानले, उन्हाचे मानले, गोदावरीचे मानले. हाताचे कुणी मानले नाहीत.

ठीक आहे. आता तात्या.

एक कुपन उरलं होतं. मी दुसरा पेला भरून घेतला आणि कापडाकडे गेलो. फटीतून तात्या दिसत होते. कट्ट्यावर, माझी डब्याची पिशवी मांडीवर, डास मारत. मी पेला बाहेर धरला. सिक्युरिटीवाला म्हणाला, काच बाहेर जाणार नाही. तात्या म्हणाले, “मला कशाला? तुझ्या बापाला उचलून आणल्यापास्नं मी सोडलीया.” मग जरा थांबून म्हणाले, “झालं का तुझं?” एवढंच. त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी पाऊण तास आत होतो. पाळी करून आलेला साठीचा माणूस पाऊण तास कट्ट्यावर, आणि मी देठाला कसं धरायचं ते शिकत होतो. फोटो त्याच वेळी कुणीतरी काढला. बघा नीट, फोटोत मी कापडाकडे बघतोय. तुम्ही सगळ्यांनी पेला पाहिला.

दुसरा पेला मी प्यालो नाही. झाडाच्या बुंध्याशी ओतला. तसा हिशेब एकाचाच आहे.

बाहेर येऊन टोकन दिलं, हूक घेतला. सीएसएमटीपर्यंत तात्या काही बोलले नाहीत. गाडीत जागा मिळाली नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिनं विचारलं, “कशी लागली?” मी म्हणालो, आंबट. “कितीला?” साडेतीनशे. ती म्हणाली, “तेवढ्यात महिन्याचा गूळ-शेंगदाणा झाला असता.” मग बराच वेळ ती भाकरी थापत राहिली. आणि म्हणाली, “सभेत सांग. मी सांगत फिरणार नाही, तूच सांग. नाहीतर माझ्या वहीत कुणी सही करणार नाही.”

म्हणून उभा राहिलो. वहीचं सांगतो आणि बसतो. कायद्यानं वॉर्डातल्या महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांच्या सह्या लागतात. मग गुप्त मतदान होतं, उभी बाटली का आडवी बाटली. पुरेशा बायांनी आडवी केली की दुकान बंद. आपल्या सह्या अजून भरत नाहीत. पाण्याच्या टाकीमागच्या दोन गल्ल्या राहिल्यात. तिथल्या बाया म्हणतात, ज्याचा पोरगा पितो ती आम्हाला काय सांगणार. त्यांच्याकडे उद्यापासून मी जाणार आहे, आईबरोबर नाही, एकटा. शिव्या द्यायच्या तर मला देतील.

वही मागं तात्यांच्या हातात आहे. पेनाचं टोपण नाही, शाई सुकते, जरा लवकर फिरवा.