मोडींत निघालेलें विमान

घरांतलें जुनें तांब्यापितळेचें भांडें मोडीस घालण्याची रीत ठाण्या-कल्याणच्या संसारांना नवी नाहीं. भांडें काट्यावर चढतें, चालू भावानें पैसे मिळतात आणि व्यवहार तेथेंच संपतो. घडणावळीचे पैसे कोणी परत देत नाहीं. जुन्या खाजगी जेट विमानाचा हिशेब नेमका याच्या उलट आहे. त्याचा सांगाडा काट्यावर घातला तर हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. त्याचें खरें मोल घडणावळींत, म्हणजे त्याच्या पोटांतल्या यंत्रांत असतें.

विमानांशीं या परगण्याचा संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ नेवाळी येथें धावपट्टी बांधण्यांत आली. युद्ध संपलें, विमानें गेलीं, जमिनीचा वाद मात्र मागें उरला. त्यावरून 2017 सालीं शेतकऱ्यांचें मोठें आंदोलन झालें. युद्ध ओसरल्यावर कानपूर येथें अमेरिकन बनावटीचीं ‘लिबरेटर’ बाँबफेकी विमानें, पुन्हां उडूं नयेत अशी मोडतोड करून, टाकून देण्यांत आलीं होतीं. परंतु 1948 च्या सुमारास बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या कारागिरांनीं तीं तपासलीं, जुळवाजुळव करून उडण्याजोगीं केलीं, आणि जमशेद मुनशी या वैमानिकानें तीं बंगलोरास नेलीं. अशीं सुमारें चाळीस विमानें भारतीय वायुदलास मिळालीं व 1968 पर्यंत त्यांनीं सेवा केली. टाकाऊ ठरलेली वस्तु निकामी असतेच असें नाहीं, हा धडा तेव्हांच मिळाला होता.

आज हा धडा व्यापार बनला आहे. पंचवीस-तीस वर्षांचें खाजगी जेट विमान घ्यावें, तें सोडवावें, आणि एकेक भाग वेगळा विकावा, असा हा धंदा. पूर्ण विमान स्वस्त आणि त्याचे भाग महाग, हें ऐकावयास विचित्र वाटतें. पण कारण साधें आहे. इंजिनाची मोठी दुरुस्ती ठरलेल्या तासांनीं करावीच लागते. विमान जुनें होतां होतां त्याची बाजारांतली किंमत उतरते; दुरुस्तीचा खर्च मात्र उतरत नाहीं. एके दिवशीं दुरुस्तीचा आंकडा विमानाच्या किमतीहून मोठा होतो, आणि मालक तें विकावयास काढतो. त्याच जातीचीं दुसरीं विमानें मात्र अजून उडत असतात. त्यांना इंजिनाचे भाग, चाकें व ब्रेक, उतरण्याचा सांगाडा, समोरच्या कांचा, दिशादर्शक व संदेशवहनाचीं उपकरणें यांची गरज असते. नव्या भागासाठीं थांबण्यापेक्षां तपासलेला जुना भाग त्यांना परवडतो.

तथापि नफा हातीं पडेपर्यंत वाट पाहावी लागते. इंजिनें लवकर खपतात. लहानसहान भाग वर्षानुवर्षें गोदामांत पडून राहतात, आणि तोंवर भांडवलावरचें व्याज चालूच असतें. शिवाय कोंकणपट्टीची खारट, दमट हवा उभ्या विमानाची शत्रू आहे. म्हणूनच जगांतलीं पुष्कळशीं निवृत्त विमानें अमेरिकेंतील ॲरिझोना किंवा स्पेनमधील तेरुएल अशा कोरड्या प्रदेशांत नेऊन ठेवतात.

विलंबाचा परिणाम मुंबईनें प्रत्यक्ष पाहिला आहे. किंगफिशर विमानकंपनीच्या सेवाकराच्या थकबाकीपोटीं, विजय मल्ल्या यांच्या वापरांतलें एअरबस 319 जातीचें ऐषारामी विमान 2013 सालीं जप्त झालें व मुंबईच्या विमानतळावर उभें राहिलें. 2016 च्या लिलांवांत राखीव किंमत दीडशे कोटींच्या घरांत होती. बोली आली ती अवघी एक कोटी नऊ लाखांची. लिलांवामागून लिलांव फसले. शेवटीं 2018 सालीं एका अमेरिकन कंपनीनें सुमारें पस्तीस कोटींची बोली लावली. ज्या विमानावर ऐश्वर्याची एवढी झळाळी होती, त्याचें मोल उभ्या उभ्याच झिजलें.

परंतु या व्यापारांतली सर्वांत मौल्यवान वस्तु लोखंडाची नव्हे, कागदाची आहे. इंजिनांतील फिरत्या चकत्यांना ठराविक फेऱ्यांचेंच आयुष्य असतें. अशी चकती तयार झाल्या दिवसापासून कोणत्या विमानांत, किती वेळां उडाली, याची अखंड नोंद लागते. नोंदीचें एक पान हरवलें, तर लाखोंच्या भागाची किंमत मोडीच्या भावावर येते. कारण डोळ्यांनीं पाहून धातूचा थकवा ओळखतां येत नाहीं. विमानांतून काढलेला भागहि तसाच दुसऱ्यांत बसवितां येत नाहीं. मान्यताप्राप्त कर्मशाळेनें तो तपासून प्रमाणपत्र द्यावें लागतें.

हा कडकपणा कोणास अतिरेकी वाटला, तर त्यानें 8 सप्टेंबर 1989 हा दिवस आठवावा. नॉर्वेचें एक भाड्याचें विमान डेन्मार्कजवळ समुद्रांत कोसळलें आणि त्यांतील पंचावन्नहि माणसें मृत्यू पावलीं. चौकशींत आढळलें कीं, शेपटीचा उभा पंख ज्या बोल्टांनीं बसविला होता, त्यांतील कांहीं हलक्या प्रतीचे, बनावट होते. बोल्ट तो केवढा. पण त्याच्या खोटेपणाचें मोल पंचावन्न घरांनीं दिलें.

कुर्ल्याच्या बाजारांतून मोटारीचा जुना भाग आणून काम भागविणारे चतुर लोक डोंबिवलींत कमी नाहींत, आणि त्यांच्या काटकसरीला कोणी नांवें ठेवूं नयेत. मोटार बिघडली तर ती रस्त्याच्या कडेला उभी करतां येते. आकाशाला मात्र कडा नाहीं. म्हणून जुनें विमान मोडीस घेणाऱ्याच्या हातांत काट्याआधीं वही असावी लागते. त्या वहीच्या खरेपणावरच त्याचा नफा अवलंबून असतो, आणि न पाहिलेल्या, न भेटलेल्या प्रवाशांचे प्राणहि.