पोरीनं दगड फोडले, आम्ही विहीर वाचायला शिकलो

मी गोराईहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक. आज हप्त्यांचं नाही, दगडांचं बोलणार आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी कॉलेजात भूशास्त्र शिकते. गेल्या मे महिन्यात तिला आठ दिवस माळशेज घाटात अभ्यासाला जायचं होतं. ताई बैठकीत म्हणाल्या, "उन्हातान्हात पोरीनं डोंगरात दगड फोडायचे? पुस्तकात नाही का दिलेलं?" खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. मी बी.ए. झाले, पण भूगोल नुसता पाठ केला.

पोरगी म्हणाली, "आई, मासळी ताजी आहे हे तू पुस्तकात वाचून ओळखतेस का? कल्ले उघडूनच बघतेस ना?" सगळ्या हसल्या. गटानं अंतर्गत कर्ज दिलं आणि ती गेली.

हातोडा, भिंग, होकायंत्र आणि वही, एवढंच सामान. उन्हाळ्यातच का जायचं? तर गवत वाळतं, ओढे आटतात आणि खडक उघडा दिसतो. तिनं आम्हाला सांगितलं की आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. दोन थरांमध्ये कुठे कुठे विटेसारखी लाल माती असते. तिच्यातून पाणी सहज खाली जात नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी तिच्या वरून झरा फुटतो. भेगा असलेला खडक पाणी धरतो, अखंड काळा पाषाण धरत नाही.

एका रविवारी तिनं आम्हाला अंधेरीची गिल्बर्ट टेकडी दाखवली. वर गावदेवीला आपण जातो, पण कड्याचे ते उभे खांब कोणी निरखून पाहिले होते? लाव्हा थंड होताना आकसला, तडकला, त्याचे ते खांब.

मग ती आमच्या विहिरीवर आली. मार्चनंतर पाणी मचूळ का होतं, ते तिनं समजावलं. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगतं. पंप लावून भरमसाट उपसलं की खालचं खारं वर येतं. आम्ही वर्षानुवर्षं नशिबाला बोल लावत होतो!

आता दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडतो आणि पाणी किती खोल आहे ते गटाच्या वहीत लिहितो. पातळी उतरली की पंप कमी वेळ चालवायचा, असं ठरवलंय. ते पाळताना भांडणंही होतात. पण निदान आता भांडण आकड्यावर होतं.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात विहीर खोदताना कोणता थर किती हातांवर लागला, ते जुन्या जाणत्यांना विचारा आणि लिहून ठेवा. आणि लेक डोंगरात शिकायला निघाली, तर सोबत कोण आहे, राहायची सोय काय, हे जरूर विचारा. पण तिला अडवू नका. ताई आता स्वतःच विचारतात, "पुढच्या मे महिन्यात कुठला घाट?"