हलव्याचा काटा

मराठी घर महाराष्ट्रापासून कितीही दूर गेले, तरी पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेच्या आणि तान्ह्या बाळाच्या अंगावर हलव्याचे दागिने चढतात. साखर, तीळ, सुईदोरा, पुठ्ठा आणि सोनेरी कागद एवढेच त्यांचे भांडवल.

येथे खर्च पैशाचा नाही, धीराचा आहे. उकळत्या पाकात थोडे दूध घालून वर आलेली मळी काढली जाते. मंद आचेवरील परातीत तीळ पसरून त्यांवर चमच्याने थोडा थोडा पाक सोडावा आणि बोटांनी हळुवार हलवत राहावे. एक थर सुकल्यावाचून दुसरा देऊ नये. आच वाढली तर साखर तांबूस होते. घाई झाली तर दाणे एकमेकांना चिकटतात. थंड, कोरड्या हवेत मात्र काही दिवसांत दाण्यादाण्यावर पांढराशुभ्र काटा फुलतो. मग त्यांतून हार, बाजूबंद, मुकुट आणि बाळाची बासरी आकाराला येते.

तयार दागिने बाजारात सहज मिळतात आणि नोकरी सांभाळणाऱ्या आईवडिलांनी ते आणले, तर त्यात दोष नाही. परंतु परातीभोवती बसलेल्या मुलाला 'मळी' आणि 'काटा' हे शब्द कोशात शोधावे लागत नाहीत. परप्रांतातील मराठी शाळा भाषा शिकवते. ती हातांत उतरवणे हे घराचे काम. येत्या संक्रांतीला प्रत्येक घरी वाटीभर तीळ तरी परातीत पडावेत आणि ते हलवणारे हात मुलांचेही असावेत.