आधी जाळी, मग झुला
(नरसिंहपूर येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



इथं पुणे जिल्हा संपतो. नीरा आणि भीमा इथं मिळतात, पलीकडं सोलापूर जिल्हा. अशा टोकाच्या गावांतल्या पोरांना बाहेरचं जग पूर्वी यात्रेत दिसायचं. मलाही तिथंच दिसलं.

मी नववीत होतो. आमच्या भागातल्या एका यात्रेत सर्कशीचा तंबू पडला होता. झुल्यावर माझ्याच वयाची एक मुलगी काम करायची. तीन दिवस मी रोज तिकीट काढलं. हसू नका, तुमच्यातल्या काहींचंही सध्या हेच चाललंय! चौथ्या दिवशी ती तंबूमागं कपडे वाळत घालत होती. मी धीर करून नाव विचारलं. ती म्हणाली, "रिंगमधलं सांगू, का घरचं?" घरचं नाव आपल्यातलं निघालं.

अम्मीला कळलं. ती म्हणाली, "मदाऱ्यांच्या नादी लागलास?" मी मान खाली घातली. ती मुलगी पुन्हा भेटली नाही, त्याचं आता फार वाटत नाही. पण त्या शब्दावर मी गप्प बसलो, ते अजून सलतं. मदारी, गारुडी, दरवेशी हे आपलेच कलमा पढणारे भाऊ. नमाजाला आपण एका सफीत उभे राहतो, आणि घरी येऊन त्यांच्या जमातीचं नाव शिवीसारखं वापरतो. कुराणात जात नाही म्हणतो, मग ही कुठून आली?

सर्कशीनं मात्र माणसं जोडली. विष्णुपंत छत्रे मूळचे सांगलीकडच्या अंकलखोपचे. तरुणपणी गाणं शिकायला ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडं गेले. घोड्यावरची विद्याही तिथंच शिकले. पुढं मुंबईत चिआरिनी या इटालियन माणसाची सर्कस आली. ती पाहून त्यांनी १८८० मध्ये स्वतःची सर्कस उभी केली. भारतीय माणसानं काढलेली ती पहिली सर्कस मानतात. हद्दू खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ मोठे गवई, पण बनारसमध्ये हलाखीत दिवस काढत होते. विष्णुपंतांनी त्यांना सोबत आणलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं, त्यांचं गाणं लोकांना ऐकवलं. विष्णुपंतांनंतर त्यांच्या भावानं खाँसाहेबांना सांभाळलं. १९२२ साली कुरुंदवाडला ते वारले. उस्तादाच्या घरी जडलेलं नातं एवढं लांब टिकलं.

आता दुसरी बाजू. पुण्याचे दामू धोत्रे पोरवयात मामाच्या सर्कशीत शिरले आणि पुढं अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्समध्ये वाघ-सिंहांसोबत काम करून नाव कमावलं. पण असं नशीब थोड्यांचं. कितीतरी मुलांचं बालपण तंबूतच संपलं. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणायला सरकारला सांगितलं. बरं झालं. मी ज्या मुलीवर भाळलो, ती त्या वयात शाळेत असायला हवी होती. तेव्हा हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

झुल्यावर उडणाऱ्याला टाळ्या मिळतात. समोर उलटा लटकून हात पुढं करणारा असतो, त्याच्याकडं कुणी बघत नाही. तो मनगटाला मनगट धरतो आणि वेळ आली की सोडतोही. दोस्तीचं आणि प्रेमाचं तसंच आहे. हात धरायचा तर समोरच्यानं पुढं केलेला. नाही म्हटलं, तर सोडायचा. पाठलाग करणं, धमकावणं, शिक्षण सोडून पळून जाणं, याला प्रेम म्हणू नका.

आणि खाली जाळी हवी. झुल्यावर चढायच्या आधी जाळी बांधतात. आपल्या मुलांची जाळी म्हणजे शाळा, कायदा आणि ऐकून घेणारे आईबाप. कुणाला मल्लखांब, जिम्नॅस्टिक, नाटक करायचं असेल तर शाळेच्या मैदानात गाद्या टाका, चांगला शिकवणारा शोधा, सुरू करा. मुलींना मागं ठेवू नका. गावातल्या सगळ्या पोरांना बोलवा.

त्यावर कुणी "मदारी झालास काय" म्हणालं, तर मान खाली घालू नका. मी एकदा घातली होती.