वेल्श भाषेचा एक नागर गायक

१९६२ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या १३ तारखेला वेल्समधील नाटककार साँडर्स लुइस याने बीबीसीच्या नभोवाणीवरून एक भाषण केले. वेल्श भाषेचे भवितव्य हा त्याचा विषय होता. चालू प्रवाह असाच राहिला, तर एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेल्श ही जिवंत भाषा म्हणून उरणार नाही, असे भाकीत त्याने केले. नभोवाणीवरील भाषणे बहुधा वाऱ्यावर विरून जातात. या भाषणाचे तसे झाले नाही. त्याच वर्षी वेल्श भाषेच्या हक्कांसाठी लढणारी संस्था स्थापन झाली आणि पुढे तरुण मुले भाषेसाठी तुरुंगात जाऊ लागली. हे भाषण झाले तेव्हा अकरा वर्षांचा असलेल्या एका मुलाविषयी आज मला बोलावयाचे आहे. त्याचे नाव गेरेंट जारमन.

लुइसची भीती निराधार नव्हती. १९११ साली वेल्समधील शेकडा ४३ लोक वेल्श बोलत. १९७१ साली हे प्रमाण शेकडा २१ वर आले. भाषेवर लोकांचे प्रेम नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. प्रार्थनामंदिरातील स्तोत्रे, आइस्टेडफॉड या महोत्सवातील काव्यस्पर्धा, डोंगराळ खेड्यांतील घरे, येथे तिचा मान अबाधित होता. पण हे प्रेम देवघरातल्या मूर्तीवर असावे तसे होते. आजीशी बोलण्याची भाषा एक आणि मित्रांच्या मेळाव्यात हसण्या-गाण्याची भाषा दुसरी, अशी वाटणी झाली, की पहिलीचे दिवस भरत आले असे समजावे.

जारमनचा जन्म १९५० साली उत्तर वेल्समधील डेनबी येथे झाला. परंतु तो वाढला कार्डिफमध्ये. कोळशाच्या व्यापारावर मोठे झालेले हे बंदर. त्याच्या रस्त्यांवर इंग्रजीचे राज्य होते आणि गोदीच्या परिसरात सोमाली व कॅरिबियन खलाशांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. जारमन मूळचा कवी. १९७० साली त्याचा पहिला काव्यसंग्रह निघाला. त्याच सुमारास मीक स्टीव्हन्स आणि हेदर जोन्स यांच्याबरोबर तो गाऊ लागला होता. १९७६ साली ‘साइन’ या वेल्श कंपनीने त्याची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका काढली. पुढच्या वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव होते ‘अंधाराकडे जाणारी टॅक्सी’. या एका नावातच त्याचे कार्य सामावले आहे. दरीखोऱ्यांची आणि पूर्वजांची स्तुती करणारी भाषा आता टॅक्सीत बसली, शहराच्या रात्रीत फिरू लागली.

त्याच्या साथीदारांच्या वाद्यवृंदाचे नाव ‘कंगानेद्वीर’. कंगानेद ही वेल्श काव्यातील शेकडो वर्षांची शिस्त. एकाच ओळीत व्यंजनांची ठराविक पुनरावृत्ती साधणारी, आपल्या अनुप्रासाहून कितीतरी कडक. असे शास्त्रोक्त नाव धारण करून या मंडळींनी वाजविले काय, तर जमेकाचे रेगे संगीत! परंपरेच्या अभिमान्यांना हे विचित्र वाटण्यासारखे होते. तथापि, ज्यांच्या पूर्वजांच्या भाषा गुलामगिरीत हिरावल्या गेल्या, अशा लोकांनी रेगेला जन्म दिला, हे ध्यानी घेतले म्हणजे ही निवड केवळ लहर वाटत नाही. १९७८ सालच्या ‘माझ्या वाडवडिलांची प्राचीन भूमी’ या ध्वनिमुद्रिकेला वेल्सच्या राष्ट्रगीताचेच नाव दिलेले आहे, आणि तीत टिच ग्विलिम याने त्या गीताची धून विजेच्या गिटारवर अशी वाजविली आहे, की ऐकणाऱ्याला जिमी हेंड्रिक्सची आठवण व्हावी.

पुढे १९८० साली वेल्श दूरचित्रवाणीसाठी ग्विनफोर इव्हान्स या नेत्याने आमरण उपोषणाचा निर्धार जाहीर केला, सरकार नमले आणि १९८२ साली ती वाहिनी सुरू झाली. तीवर १९८८ पासून जारमनने तरुण वेल्श वाद्यवृंदांचा कार्यक्रम चालविला. स्वतः गाऊन झाल्यावर दुसऱ्यांना व्यासपीठ देणे सर्वच कलावंतांना साधत नाही. त्या कार्यक्रमात दिसलेल्या तरुणांपैकी ग्रिफ रीस याच्या वाद्यवृंदाची संपूर्ण वेल्श ध्वनिमुद्रिका २००० साली ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत अकराव्या क्रमांकावर पोहोचली.

मग गाण्यांनी भाषा वाचली काय? २०२१ च्या शिरगणतीत वेल्श बोलणारे शेकडा १८ भरले, म्हणजे १९७१ पेक्षाही कमी. हा आकडा लपवून जारमनचे गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण लुइसने सांगितलेली मुदत उलटली आणि सुमारे ५ लाख ३८ हजार माणसे आजही ती भाषा बोलू शकतात, हेही तितकेच खरे. २०११ साली कायद्याने वेल्शला अधिकृत दर्जा मिळाला. त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. मात्र सरकारी कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्याला एवढे ठाऊक आहे, की परिपत्रकाने पाटी बदलते, ओठ बदलत नाहीत. कार्डिफच्या एखाद्या मुलाला मध्यरात्री घरी परतताना आपसूक वेल्श ओळ गुणगुणावीशी वाटणे, हे कोणत्याही खात्याला साधणारे काम नव्हे.

जारमन साठी उलटल्यावरही नवी गीते रचीत राहिला. मार्च २०२५ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, तो निवर्तला. आपल्या देशात भाषाभिमानाची भाषणे पुष्कळ होतात. त्या त्या भाषेतील मुले मित्रांच्या घोळक्यात कोणत्या भाषेत गातात, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. जारमनच्या आयुष्याकडे पाहिल्यावर तोच प्रथम विचारावासा वाटतो.