लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड बदलता येते का?



उत्तर आधीच देऊन टाकतो. तुमच्या-माझ्या घरातल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही. आज बोलायचे आहे ते का येत नाही, यावर.

डेस्कटॉपमध्ये कार्ड मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसते. स्क्रू काढला की बाहेर येते. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची वेगळी चिप असली तर ती सहसा थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. तिच्या पोटाखाली कथलाच्या असंख्य बारीक गोळ्या असतात, त्या वितळवून ती बसवतात. शेजारच्या मेमरी चिप, वीज देणारे सर्किट, उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या, सगळे त्या एकाच चिपच्या मापाने बेतलेले. कसबी कारागीर गरम हवेच्या यंत्राने ती उतरवून तशीच दुसरी बसवतात, रीबॉलिंगही करतात, म्हणजे त्या गोळ्या नव्याने बसवतात. पण ती दुरुस्ती झाली. जास्त ताकदीची चिप त्या जागी बसतच नाही, आणि बसली तरी वीज व थंडावा कुठून आणणार? एन्व्हिडिया कंपनीचे डेस्कटॉपसाठीचे आरटीएक्स ४०९० कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज घेते. त्याच नावाने लॅपटॉपमध्ये विकली गेलेली चिप मुळात वेगळी आणि लहान आहे. तिची मेमरी २४ ऐवजी १६ जीबी आहे. सारख्या नावाने असा वेगळा माल विकणे मला ग्राहकावर अन्याय वाटतो.

मग हे निसर्गनियमासारखे अटळ होते का? मुळीच नाही. २००४ मध्ये एन्व्हिडियाने एमएक्सएम नावाची रचना आणली: लॅपटॉपसाठी छोटे, काढता-घालता येणारे ग्राफिक्स कार्ड. काही जाड, महागड्या लॅपटॉपमध्ये ते बरीच वर्षे वापरले गेले. पण प्रत्येक कंपनीचा हीटसिंक वेगळा, फर्मवेअर वेगळे. एका कंपनीचे कार्ड दुसरीच्या लॅपटॉपमध्ये चालेलच याची खात्री कोणी देईना. त्यातच पातळ लॅपटॉपची हौस वाढली, आणि ती आपणच, गिऱ्हाइकांनी, वाढवली. २०१९ मध्ये डेलने एलियनवेअर एरिया-५१एम काढला तेव्हा सुटे भाग बदलता येण्याची मोठी जाहिरात झाली. पुढच्या पिढीची ग्राफिक्स कार्डे मात्र त्याच्यासाठी आलीच नाहीत, आणि अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेले.

याच्या अगदी उलट उदाहरण फ्रेमवर्क कंपनीच्या लॅपटॉप १६चे. २०२४ च्या सुरुवातीला तो ग्राहकांच्या हाती पडला, तेव्हा त्याच्या पाठीमागे बसणारा ग्राफिक्सचा सुटा भाग एएमडीचा होता. २०२५ मध्ये कंपनीने एन्व्हिडियाचा आरटीएक्स ५०७० असलेला नवा भाग जाहीर केला, आणि तो त्याच जुन्या लॅपटॉपमध्ये बसतो. याचा अर्थ, अभियंत्यांनी ठरवले तर हे जमते. आपल्याकडच्या दुकानांत अशी यंत्रे सहज दिसत नाहीत, हे दुःख आहे.

ज्यांचा लॅपटॉप आधीच घेऊन झाला आहे त्यांनी काय करावे? थंडरबोल्ट हे वेगवान पोर्ट असेल तर बाहेरून जोडायच्या डब्यात डेस्कटॉपचे कार्ड बसवता येते. पण थंडरबोल्ट ३ मधून कार्डाला पीसीआय एक्स्प्रेसच्या चारच लेन (माहितीचे मार्ग) मिळतात, डेस्कटॉपमध्ये सोळापर्यंत. त्यामुळे वेग कमी पडतो. अ‍ॅपलच्या एम मालिकेतल्या चिप असलेल्या मॅकबुकवर तर अ‍ॅपल असे कार्ड ग्राफिक्ससाठी चालवू देत नाही. साधा इलाज वेगळाच आहे. वेगळी ग्राफिक्स चिप नसलेला लॅपटॉप रॅमचाच वापर ग्राफिक्ससाठी करतो. त्यात रॅमची एकच पट्टी असेल आणि दुसरा स्लॉट मोकळा असेल, तर जोडीची पट्टी घाला. गेममधला फरक डोळ्यांना दिसतो. पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट बदलली तरी तापून मंदावलेली चिप पुन्हा नेटाने चालते.

एक विनंती. पुढच्या वेळी दुकानात गेलात की रंग आणि जाडी पाहण्याआधी तीन गोष्टी विचारा: रॅमचा दुसरा स्लॉट आहे का, थंडरबोल्ट किंवा यूएसबी-४ पोर्ट आहे का, आणि ग्राफिक्स चिपला किती वॅट मिळतात? दुकानदाराला सांगता आले नाही, तर मॉडेल क्रमांक लिहून घ्या, घरी येऊन कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा, आणि मगच पैसे द्या.