जुन्या फेरफारात पणजीचं नाव



पणजोबांचं नाव विचारलं तर आपल्यातल्या बऱ्याच जणी चटकन सांगतील. पणजीचं? तिथं गाडी अडते. घरात वंशावळ लिहिलेली असली तरी तिच्यात बापे तेवढे असतात. पण गावच्या जमिनीच्या दप्तरात आपली पणजी पुष्कळदा सापडते, आणि ते दप्तर आता बऱ्याच ठिकाणी मोबाइलवर पाहता येतं.

सुरुवात आजच्या सातबारापासून करा. महाभूमीच्या संकेतस्थळावर गट नंबर टाकला की बिनसहीचा सातबारा फुकट दिसतो. त्यावर ‘जुने फेरफार क्रमांक’ असं लिहून पुढं आकडे असतात. ते वहीत उतरवून घ्या. त्यातला एकेक आकडा म्हणजे घरातला कुणाचा मृत्यू, कधी वाटणी, कधी खरेदी, कधी सोसायटीचा बोजा. मग ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदवा, जिल्हा, तालुका, गाव आणि कागदाचा प्रकार निवडा, नंबर टाका. तलाठ्यानं हातानं लिहिलेलं पान समोर येतं. सगळं दप्तर अजून चढलेलं नाही. नाही मिळालं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करायचा.

एक अडचण येते. १९४७ च्या कायद्यानं गावोगाव जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे आजचा गट नंबर घेऊन त्याआधीचा कागद शोधला तर हाती काही लागत नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा घ्या. जुना नंबर त्यात कळतो.

आता पान वाचायचं कसं? ‘रामा बिन सखाराम’ म्हणजे सखारामचा मुलगा रामा. ‘गंगाबाई कोम रामा’ म्हणजे रामाची बायको गंगाबाई. काही ठिकाणी ‘कोम’च्या जागी ‘भ्र.’ असतं, म्हणजे भ्रतार. कर्ता पुरुष गेला आणि मुलं लहान असली, की नावापुढं ‘अ. पा. क.’ येतं, अज्ञान पालन करणार, आणि त्यापुढं बहुतेक वेळा आईचं नाव. विधवा होऊन पोरं सांभाळणारी बाई तिथं नावानिशी भेटते. नावाला कंस केला असेल तर तो हक्क पुढं कमी झाला; कशानं, ते शेजारच्या फेरफार क्रमांकावरून शोधायचं. फार जुनी पानं मोडीत असतात, ती जाणकाराकडून वाचून घ्या. गावात पूर्वी जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकात होत असे, तेही तहसीलला मागून पाहा.

‘इतर हक्क’ हा रकाना मात्र सोडू नका. बाप वारल्यावर मुलांची नावं मालक म्हणून लावायची आणि बहिणींची इतर हक्कात ढकलायची, अशी रीत कित्येक गावांत होती. कुठं कुठं तर वारसनोंदीत मुलींचा उल्लेखच नसतो. माझ्या मते घरचा इतिहास इथंच खरा कळतो. कुणी हक्कसोड दिली असं घरात सांगतात. तो फेरफार काढून बघा, सही किंवा अंगठा कुणाचा आहे, दस्त नोंदवलेला आहे का.

हे बघणं नुसत्या हौसेचं नाही. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप किंवा विक्री झाली असेल तर ती उलटत नाही. म्हणून फेरफारावरची तारीख नीट वाचा. भावाशी बोलायचं असेल तर कागद हातात ठेवून बोललेलं बरं. निम्मे गैरसमज तिथंच मिटतात.

मोबाइलवरचा फोटो पुरावा म्हणून चालत नाही. त्यासाठी डिजिटल सहीची किंवा शिक्क्याची नक्कल लागते. पुढं सल्ला हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना आकडे उतरवलेली ती वही बरोबर न्या.